ऐका, थांबा, मग आपलं बोला

कुणी कामं आवरून बसली असेल, कुणी शेंगा फोडत ऐकत असेल. हातातलं काम खाली ठेवायची गरज नाही. आजचं बोलणं काम करता करता ऐकायच्या गोष्टीबद्दलच आहे.

आपल्या गटांतल्या ख्रिस्ती मैत्रिणींकडून एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. “रोज प्रार्थना करायची असं ठरवते. चार दिवस जमतं, पाचव्या दिवशी पाहुणे येतात नाहीतर गाय आजारी पडते, आणि मोडतं ते मोडतंच. मोबाइलवर रोजचं मनन येतं. ते ऐकलं तर प्रार्थना झाली असं धरायचं का?” बाकीच्या मैत्रिणींनी रेडिओ बंद करू नका बरं का. कुणाच्या घरी हरिपाठ असेल, कुणाच्या घरी बुद्धवंदना, कुणाच्या घरी नमाज. रोजची सवय लागते कशी आणि मोडते कशी, हे सगळ्यांच्या उपयोगाचं आहे.

उत्तर आधीच सांगून टाकते. ऐकायला हरकत नाही, उलट चांगलंच आहे. पण ऐकणं म्हणजे निम्मं काम. आवाज बंद झाल्यावर तुम्ही स्वतः, तुमच्या शब्दांत, एक वाक्य का होईना देवाशी बोललात, की ती तुमची प्रार्थना झाली. तोवर ती त्या बोलणाऱ्याची प्रार्थना आहे, तुम्ही फक्त शेजारी बसलेल्या.

आता ज्यांना हे नवं आहे त्यांच्यासाठी थोडं. ऑडिओ मनन म्हणजे पाच-दहा मिनिटांचं ध्वनिमुद्रण. त्यात पवित्रशास्त्रातला एक उतारा वाचलेला असतो, त्यावर थोडं बोलणं असतं आणि शेवटी प्रार्थना असते. कुणी ते व्हॉट्सअॅपवर पाठवतं, कुणी यूट्यूबवर टाकतं. नुसतं वचनच ऐकायचं असेल तर नव्या कराराचं मराठी ध्वनिमुद्रण मोबाइलवर फुकट मिळतं. अमेरिकेतली ‘फेथ कम्स बाय हिअरिंग’ नावाची संस्था जगातल्या शेकडो भाषांमध्ये हेच काम करते. जिथे वीज नाही तिथल्यासाठी त्यांनी सूर्यप्रकाशावर आणि हाताने दांडा फिरवून चालणारं यंत्रही केलं आहे.

काही जुनी माणसं नाक मुरडतात. म्हणतात, मोबाइलवर कसली आलीय भक्ती, पुस्तक उघडून वाचायला हवं. मला त्यांचं म्हणणं पटत नाही. पुस्तक घरोघरी आलं ते अगदी अलीकडे. पौलानं मंडळ्यांना पत्रं लिहिली ती एकानं मोठ्यानं वाचायची आणि बाकीच्यांनी ऐकायची. कलस्सैकरांच्या पत्राच्या शेवटी तर तो सांगतोच, की तुमच्यात हे वाचून झालं की लावदिकीयाच्या मंडळीतही वाचून दाखवा. तिथे बसलेल्या बायकांपैकी किती जणींना अक्षर येत असेल?

आपल्या भाषेतही तेच झालं. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडमधले जेजुइट धर्मगुरू 1579 मध्ये गोव्याला आले, मराठी शिकले, आणि 1616 मध्ये त्यांचं ‘ख्रिस्तपुराण’ छापलं गेलं. सुमारे 11 हजार ओव्या आहेत त्यात. ओवीच का निवडली? कारण ओवी कानाला चिकटते. जात्यावर बसलेल्या बाईला पुस्तक धरता येत नाही, पण ओवी म्हणता येते. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळक 1895 मध्ये ख्रिस्ती झाले आणि त्यांनी अभंगाच्या, भजनाच्या चालीवर गीतं लिहिली. आजही ‘उपासना संगीत’ उघडलं की त्यांची गीतं भेटतात. पुस्तक न उघडताही ती पाठ असणाऱ्या आज्या आपल्या नगर भागात अजून आहेत.

यंत्रावरून वचन ऐकवायची कल्पनाही जुनीच. जॉय रिडरहॉफ नावाची एक अमेरिकन बाई होंडुरास देशात मिशनरी होती. आजारी पडून तिला घरी परतावं लागलं. तिथल्या खेड्यांतल्या लोकांकडे आपण पुन्हा जाऊ शकत नाही, तर निदान आवाज तरी पाठवू, असं म्हणून तिनं त्यांच्यासाठी स्पॅनिशमध्ये तबकडी तयार केली. त्यातून 1939 मध्ये लॉस एंजेलिसला ‘गॉस्पेल रेकॉर्डिंग्ज’ हे काम सुरू झालं. पुढे त्यांनी ‘कार्डटॉक’ नावाचं पुठ्ठ्याचं यंत्र काढलं. पुठ्ठ्याची घडी उघडायची, तबकडी ठेवायची आणि हाताने फिरवायची. वीज नको, बॅटरी नको. आता आपल्या हातात मोबाइल आहे, एवढाच फरक.

या ऐकण्याचा सगळ्यात मोठा फायदा कुणाला झाला, तर ज्यांना वाचता येत नाही त्यांना. आमच्या वस्तीवर सत्तरी ओलांडलेल्या एक मावशी आहेत. अंगठा करतात. त्यांच्या घरी बायबल आहे, छान कापडात गुंडाळलेलं, पण ते उघडायचं तर नातवाला “वाच रे बाबा” म्हणून विनवावं लागायचं. तो कुरकुरत वाचणार, दोन ओळी खाणार आणि खेळायला पळणार. म्हणजे देवाचं वचन ऐकायला पोराची मर्जी! आता छोट्या स्पीकरमध्ये त्यांना स्तोत्रं भरून दिली आहेत. 121वं स्तोत्र आठच वचनांचं आहे. ते त्यांनी आठवडाभर रोज ऐकलं. आता नातू वाचताना एखादी ओळ गाळतो, तेव्हा मावशी त्याला थांबवतात आणि राहिलेली ओळ तोंडपाठ सांगतात.

त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे ते हे, की त्यांनी रोज नवं काही मागितलं नाही. आपल्याला मोबाइलनं सवय लावली आहे की रोज नवा व्हिडिओ हवा. प्रार्थनेला ते फारसं मानवत नाही. एकच उतारा तीन दिवस ऐकला तर पहिल्या दिवशी गोष्ट कळते, दुसऱ्या दिवशी एखादा शब्द अडकतो आणि तिसऱ्या दिवशी तो शब्द दुपारी खुरपताना आपोआप आठवतो. हे तुम्ही करूनच बघा.

ध्वनिमुद्रण निवडताना भाषा तपासा. बोलणारा फार जड मराठी बोलत असेल, किंवा दर वाक्यात इंग्रजी पेरत असेल, तर खुशाल दुसरं शोधा. त्यात अपराध वाटायचं कारण नाही. पंडिता रमाबाईंसारख्या संस्कृतच्या विदुषीनं याच कारणासाठी आयुष्याची शेवटची वर्षं घालवली. साध्या बाईला बायबल समजावं म्हणून त्यांनी हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून सोप्या मराठीत भाषांतर केलं. ते केडगावच्या मुक्ती मिशनमध्येच छापलं, आणि छापखान्यात काम करणाऱ्या होत्या तिथल्याच मुली आणि बायका. 1922 मध्ये रमाबाई गेल्या, 1924 मध्ये पूर्ण बायबल बाहेर आलं. एवढी मोठी विदुषी आपल्यासाठी सोपं लिहायला बसली, तर आपण न समजणारं ऐकत कशाला बसायचं?

आता अडचणीचं बोलू. पहिली अडचण म्हणजे मोबाइल कुणाचा? 2019 ते 21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसलं, की देशातल्या 15 ते 49 वयाच्या स्त्रियांपैकी 54 टक्के स्त्रियांकडेच स्वतः वापरता येईल असा मोबाइल होता. खेड्यांत प्रमाण त्याहून कमी. म्हणजे पुष्कळ घरांत मोबाइल नवऱ्याचा किंवा मुलाचा, आणि तो सकाळी त्यांच्याबरोबर रानात नाहीतर कामावर जातो. अशा घरात “मोबाइलवर रोज ऐका” हा सल्ला द्यायचा म्हणजे उपाशी माणसाला पथ्य सांगण्यासारखं. त्यावर उपाय मेमरी कार्ड चालणारा छोटा स्पीकर. कीपॅडच्या कितीतरी फोनमध्येही मेमरी कार्ड चालतं. एका कार्डात सगळा नवा करार मावतो आणि वर गीतांनाही जागा उरते. गटातल्या कुणाच्या तरी मुलाकडून एकदा भरून घ्यायचं. मग ना रिचार्ज लागत, ना रेंज, ना कुणाची परवानगी.

ज्यांच्याकडे स्वतःचा स्मार्टफोन आहे त्यांची अडचण वेगळी. मनन ऐकायला फोन हातात घेतला की आधी व्हॉट्सअॅपचा हिरवा ठिपका दिसतो. गटाचा निरोप, भाचीच्या बारशाचे फोटो, बघता बघता अर्धा तास जातो. यूट्यूबवर ऐकाल तर स्तोत्राच्या मधोमध साबणाची जाहिरात, आणि स्तोत्र संपलं की आपोआप दुसराच व्हिडिओ सुरू. म्हणून रात्रीच दुसऱ्या दिवशीचं ध्वनिमुद्रण उतरवून ठेवा आणि ऐकताना फोन विमानाचं चित्र असलेल्या बटणावर टाका. दहा मिनिटं कुणाचा फोन आला नाही तर काही अडत नाही. घरात कुणी दवाखान्यात असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा फोन चालूच ठेवा.

आता सवयीबद्दल. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 96 जणांवर अभ्यास केला, तो 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्येकानं एक छोटी गोष्ट निवडली, जसं न्याहारीनंतर एक पेला पाणी पिणं, आणि ती रोज ठरावीक वेळेला करायची. ती गोष्ट आपोआप व्हायला लागायला साधारण 66 दिवस लागतात असं दिसलं. पण माणसामाणसांत फरक केवढा! कुणाला 18 दिवस, कुणाच्या बाबतीत अंदाज 254 दिवसांपर्यंत गेला. म्हणजे 21 दिवसांत सवय लागते हे आपण जे ऐकतो, त्यावर फार विसंबू नका. त्या अभ्यासातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट ही, की मधे एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यावर त्याचा म्हणावा तसा परिणाम होत नव्हता.

हे आपल्या बायकांना मुद्दाम सांगायला हवं. आपण एक दिवस चुकला की स्वतःलाच रागावतो, “माझ्यानं होतच नाही” म्हणतो आणि सगळंच सोडून देतो. काही जणी दुसरं टोक गाठतात. पाच दिवस राहिले म्हणून सहाव्या दिवशी पाच मननं एकामागून एक ऐकतात, जसे थकलेले हप्ते भरावेत. देवाकडे थकबाकी नसते. राहिलं ते राहिलं, आजचं ऐका.

सवय लावायची सोपी रीत म्हणजे ती आधीपासून रोज होणाऱ्या कामाला बांधायची. पण काम निवडताना डोळसपणे निवडा. “मोटार चालू केली की ऐकीन” असं ठरवाल तर फसाल, कारण शेतीची लाईट एका आठवड्यात दिवसा तर दुसऱ्या आठवड्यात रात्री. नळाला पाणी यायची वेळही गावोगावी बदलते. जे काम हलत नाही ते निवडा. सकाळचा पहिला चहा, गाई-म्हशींची धार, शेळ्यांना पाला टाकणं, संध्याकाळच्या भाकरी. आमच्या गटात दोघी जणी डेअरीवर दूध घालून परत येताना ऐकतात. एकीनं तर देव्हाऱ्यासारखा चुलीजवळ एक कोनाडाच केला आहे स्पीकरसाठी, पिठाच्या हातानं दाबायचं एकच बटण. आणि सुरुवात छोटी करा. 117वं स्तोत्र दोनच वचनांचं आहे. पहिल्या आठवड्यात तेवढंच ऐकलं तरी चालेल. अर्धा तास ठरवून चौथ्या दिवशी सोडण्यापेक्षा तीन मिनिटं बरी.

इथे एक हरकत येते, आणि ती खरोखर विचार करण्यासारखी आहे. लूकच्या शुभवर्तमानात मार्था आणि मरीया या बहिणींची गोष्ट आहे, दहाव्या अध्यायाच्या शेवटी. मार्था पाहुण्यांच्या सरबराईत गुंतलेली, मरीया प्रभूच्या पायाशी बसून ऐकणारी, आणि प्रभू मरीयेची बाजू घेतो. मग भाकरी थापता थापता मनन ऐकणारी बाई म्हणजे मार्थाच की! कामातच गुंतलेली, वर ऐकल्याचं समाधान घेणारी. एका बैठकीत आमच्याकडे यावर चांगलाच वाद झाला. एक वहिनी म्हणाल्या, “मरीया बसली, पण तिच्या वाटणीचं काम मार्थानं केलं. आमच्या घरी आम्ही बसलो तर करणार कोण?”

वहिनींचं चुकलं असं मला म्हणवत नाही. सकाळी पाच ते रात्री दहा जिचे हात रिकामे नाहीत, तिला “आधी शांत बस, मग प्रार्थना कर” असं सांगणं म्हणजे प्रार्थना तिच्या हातातून काढून घेणंच. पण गोष्ट नीट वाचली तर प्रभू मार्थेला कामाबद्दल बोलत नाही. तू पुष्कळ गोष्टींची काळजी करतेस, दगदग करतेस, असं तो म्हणतो. म्हणून मी यातून असा मार्ग काढते. ऐकणं कामाबरोबर होऊ द्या, बोलणं मात्र काम थांबवून. भाकरी झाल्या, तवा उतरवला, हात धुतले की तिथेच एक मिनिट उभं राहायचं. एकच मिनिट. त्या मिनिटात तुम्ही मरीया. आणि घरातल्या पुरुषांनाही हे ऐकवा, की दिवसातून दहा मिनिटं लेकराला धरलंत तर बाईला प्रार्थनेला बसता येईल. तीही सेवाच आहे.

आता त्या एका मिनिटाबद्दल, कारण सगळं तिथेच अडतं. आपल्याकडे प्रार्थना म्हणजे पाळकसाहेबांनी करायची गोष्ट. ते नसले तर मंडळीतले वडीलधारे, घरी नवरा किंवा सासरे. बाईला कुणी “तुम्ही प्रार्थना करा” म्हटलं की ती पदर तोंडावर घेते आणि म्हणते, “मला नाही येत.” त्यात आता मोबाइलवरचे आवाज आले. ते इतके सफाईदार, मागे संगीत, एकही शब्द अडखळत नाही. ते ऐकून बाईला आणखीच वाटतं, की आपल्याला हे कधी जमायचं? म्हणजे ज्या गोष्टीनं बोलतं करायचं, तिनंच तोंड बंद झालं. मला या ऑडिओ मननांची भीती वाटते ती एवढीच. वचन घरात आलं, पण त्या घरातल्या बाईचा आवाज काही आला नाही.

इंग्लंडमधल्या जेजुइट धर्मगुरूंनी 2006 मध्ये ‘प्रे ॲज यू गो’ हे रोजचं ध्वनिमुद्रण सुरू केलं. ते इंग्रजीत आहे, आपल्या कामाचं नाही, पण त्याची घडण घेण्यासारखी आहे. थोडं संगीत, मग शास्त्रातला उतारा, मग ऐकणाऱ्याला दोन-तीन प्रश्न, आणि प्रश्नांनंतर चक्क मोकळी जागा. कुणी बोलत नाही. मग तोच उतारा पुन्हा वाचतात, आणि शेवटी स्वतःच्या शब्दांत देवाशी बोला असं सुचवतात. बोलणारा बाजूला होतो. तुमच्याकडच्या मननात अशी जागा नसेल तर तुम्हीच ती करा. उतारा संपला की बटण दाबून थांबवा.

आणि बोलायचं काय? जे आहे ते. “देवा, आज गटाचा हप्ता आहे आणि तीनशे रुपये कमी पडतायत. धाकटीला ताप आहे. कालपासून मी जावेशी बोलले नाही, मला तिचा राग आलाय. पाऊस दिलास, बरं वाटलं.” झाली प्रार्थना. जड शब्द नकोत. यानंतर प्रभूची प्रार्थना मोठ्यानं म्हणायची, ती सगळ्यांना पाठ असतेच. पहिले काही दिवस स्वतःचाच आवाज कानाला परका वाटेल. एक आत्या मला म्हणाल्या, “साठ वर्षं चर्चला जाते, पण मी देवाशी मोठ्यानं बोललेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.”

ऊसतोडीला जाणाऱ्या मैत्रिणींसाठी थोडं वेगळं सांगते. दिवाळीच्या आसपास पाथर्डी, शेवगाव आणि बीडकडून गाड्या निघतात, ते उन्हाळ्याच्या तोंडाला परत. चार-पाच महिने चर्च नाही, रविवार नाही, गटाची बैठक नाही. पहाटे अंधारात उठायचं, कोपीतला स्वयंपाक करायचा आणि फडात जायचं. ट्रक कधी येईल त्याचा नेम नाही, रात्रीही भरावा लागतो. तिथे वेळेची सवय लागणार कशी? तिथे वेळेऐवजी जागा धरा. फडाकडे चालत जायचा रस्ता, तेवढाच. फोन चार्ज करायची सोय नसते, म्हणून निघण्यापूर्वी वीसेक छोटे उतारे कार्डात भरून घ्या. कोपीत सगळेच थकलेले, तेव्हा आवाज लहान ठेवा, शेजारच्या कोपीतल्यांच्या झोपेचाही विचार करा. आणि दोघी-तिघी असाल तर एकाच स्पीकरवर ऐका. बॅटरी संपली तर गीत म्हणा. टिळकांच्या काळात बॅटरी नव्हतीच.

काही ध्वनिमुद्रणांपासून मात्र जपा. “हे 11 जणांना पाठवा, नाहीतर संकट येईल” असं जे सांगतं त्याला प्रार्थना म्हणू नका, ती भीती घालणं आहे. पाठवू नका, पुसून टाका. ज्या मननाच्या शेवटी दरवेळी खातं नंबर येतो, “इतके रुपये टाका, तुमच्यासाठी खास प्रार्थना करतो” असं म्हणतात, त्याबद्दल आपल्या पाळकसाहेबांना किंवा गटातल्या जाणत्या बाईला विचारल्याशिवाय एक रुपया देऊ नका. आणि सगळ्यात महत्त्वाचं, कुणीही आवाजावर सांगितलं की “विश्वास ठेव आणि गोळ्या सोड”, तर त्याचं ऐकायचं नाही. क्षयाच्या, रक्तदाबाच्या, साखरेच्या, फिटच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायच्या नाहीत. गोळी घेऊन प्रार्थना करता येते, त्यात विश्वास कमी होत नाही. उलट गोळीची वेळ आणि मननाची वेळ एकच ठेवली तर दोन्ही लक्षात राहतात.

चांगलं मनन सापडत नसेल तर गटानंच करावं. हे वाटतं तितकं अवघड नाही. वाचता येणारी एक जण, गाणारी एक जण, साधा मोबाइल. दुपारी कोंबड्या-कुत्री शांत असताना, पंखा बंद करून, खोलीत गोधड्या टांगून बसायचं, म्हणजे आवाज घुमत नाही. मोबाइल तोंडापासून वीतभर लांब. एक कडवं गीत, मग दहा-बारा वचनं सावकाश, मग एक साधा प्रश्न, मग मिनिटभर गप्प. ते मिनिट रेकॉर्ड करताना फार लांब वाटतं, हसू येतं, पण कापू नका. मग तीच वचनं पुन्हा. प्रवचन नको. सगळं मिळून सहा-सात मिनिटं. आपल्या गटात वाटण्यापुरतं ठीक आहे, पण यूट्यूबवर टाकायचं असेल तर आजकालच्या भाषांतरांचे हक्क प्रकाशकांकडे असतात, त्यांना आधी विचारा. आणि वाचणारी दर आठवड्याला बदला. ओळखीच्या बाईचा आवाज कानी पडला, तिथे ती जराशी अडखळली, की ऐकणारीला धीर येतो.

आता काही छोटे प्रश्न राहिले. सुरुवात कुठून करू? मार्कचं शुभवर्तमान सगळ्यात लहान, 16 अध्यायांचं. पहिलाच अध्याय 45 वचनांचा आहे, त्याचे तीन तुकडे करा. किंवा नीतिसूत्रे घ्या, 31 अध्याय, ज्या तारखेला जो अध्याय. तारीख चुकली तरी पुस्तक कुठे उघडायचं ते कॅलेंडर सांगतं. वसईच्या एका मैत्रिणीनं विचारलंय, आम्ही कॅथलिक, आमच्याकडे संध्याकाळी घरात जपमाळ होते, मग हे कशाला? तुमच्याकडे सवय आधीच आहे, ती मोडू नका. जपमाळेआधी पाच मिनिटं शुभवर्तमान ऐकलं तर छानच, आणि ज्या दिवशी घरात एकटीच असाल त्या दिवशी ध्वनिमुद्रणातली जपमाळ सोबतीला घ्या, फक्त उत्तराचा भाग तोंडानं म्हणा.

मुलांचं काय? त्यांना बटण दाबायचं काम द्या. थांबवायचंही.

आणि सासूबाईंना कमी ऐकू येतं, असं दोघींनी लिहिलंय. आवाज खूप वाढवला की छोटा स्पीकर फाटतो आणि शब्द आणखीच कळत नाहीत. स्पीकर त्यांच्या चांगल्या कानाकडे, उशीजवळ ठेवा, संगीत नसलेलं ध्वनिमुद्रण निवडा आणि एकदा सरकारी दवाखान्यात कान दाखवून आणा. पुष्कळदा नुसता मळ असतो.